नवं पिस्तूल आणि चौदा गुणांचा खड्डा

मुलगी सोळा वर्षांची, शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील कापूसवाले. आठवड्यातून चार दिवस एसटीनं धुळ्याला यायची आणि आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करायची. दोन वर्षं तिनं क्लबचं जुनं पिस्तूल वापरलं. ग्रिपवर, म्हणजे मुठीवर, आधीच्या चार-पाच पोरांनी आपापल्या हातासाठी लावलेल्या पुटीचे, म्हणजे लाकडात भरायच्या लगद्याचे, थर, एका कोपऱ्यात टवका उडालेला. दिसायला अगदी दरिद्री. त्याच्यावर ती ६० गोळ्यांच्या सामन्यात ६००पैकी साधारण ५५२ काढायची.

मग वडिलांनी कापसाच्या पैशांतून नवं पिस्तूल घेतलं. युरोपातलं, दीड-दोन लाखांच्या घरातलं. आणि तिचे गुण पडले. पहिल्या आठवड्यात कुणी लक्ष दिलं नाही, नवं हत्यार हाताला लागायला वेळ लागतोच. पण सहा आठवडे झाले तरी पाच सामन्यांची सरासरी ५३८. चौदा गुण म्हणजे दर चार गोळ्यांमागे एक गुण. राज्य स्पर्धेच्या यादीत एवढ्यानं माणूस कुठल्या कुठे जातो.

वडील एक दिवस स्वतः आले. बाकावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, हाई त महागनं शे, नवं शे. मंग पोरना गुण काब कमी व्हयनात?"

प्रश्न सरळ होता, उत्तर माझ्याकडे नव्हतं. "आबा, महिनाभर द्या," म्हटलं. त्यांच्या डोक्यावर दुसरंही ओझं होतं, ते नंतर कळलं. आमच्याकडे पिस्तूल म्हटलं की लोकांना सातपुड्याच्या पायथ्याचं, बेकायदा हत्यारांसाठी बदनाम उमर्टी आणि गावठी कट्टा आठवतो. पोरीला पिस्तूल घेऊन दिलं म्हणून भाऊबंदांत कुजबूज होती. त्यात गुणही पडले.

पहिली शंका पिस्तुलावरच. विकणाऱ्यानं फोनवर "पिस्तूल एक नंबर आहे, पोरीचा सराव कमी पडतोय" असं सांगून विषय संपवला होता. त्याचं पहिलं अर्धं वाक्य खरं निघालं. एका ओळखीच्या वर्कशॉपमधला बाक-शिकंजा आणला, जबड्यांना रबर लावलं आणि दोन्ही पिस्तुलं आळीपाळीनं त्यात बसवून १० मीटरवर पाच-पाच छर्रे मारले. दोन्हींचं एकेकच भोक पडलं, कडा थोड्या फाटलेल्या. आमच्या टार्गेटवर १०चं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं आणि छर्रा ४.५ मिमीचा. पाचही छर्रे त्या वर्तुळात आरामात बसत होते. छर्ऱ्यांचा डबाही बदलून पाहिला, कारण छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ मिमी की ४.५०, यात कधीकधी एखाद्या नळीची आवडनिवड असते. इथे फरक पडला नाही. म्हणजे नळी निर्दोष, दोन्हींची. शिकंज्यात धरलं तर जुनं आणि नवं सारखंच.

इथे बरेच प्रशिक्षक थांबतात आणि पोराला म्हणतात, "बघ, पिस्तूल ठीक आहे, तूच चुकतेस." हे बोलणं तर्काला धरून असतं आणि तरीही निरुपयोगी असतं. शिकंजा स्पर्धेला जात नाही. स्पर्धेला हात जातो. ट्रिगर ओढताना तो हात पिस्तूल किती हलवतो आणि ते हलणं कुठल्या जातीचं असतं, हे पाहायला हवं होतं.

जातीचं म्हणजे काय, ते सांगतो. हात थरथरतो तेव्हा अख्खं पिस्तूल थोडं डावी-उजवीकडे सरकतं. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, मागच्या साइटच्या खाचेत नीट बसलेली असेल आणि पिस्तूल ५ मिमी सरकलं, तर छर्राही ५ मिमीच सरकतो. दहा नाही तर नऊ, फार बिघडत नाही. पण पिस्तूल मनगटात वळलं, म्हणजे पुढची साइट खाचेतच एका बाजूला गेली, तर हिशेब वेगळा. दोन साइट्समधलं अंतर साधारण ३३० मिमी धरा. टार्गेट १०,००० मिमीवर. म्हणजे खाचेतली चूक तिकडे सुमारे तीसपट होऊन पोचते. पाव मिलिमीटरची चूक तिथे साडेसात मिलिमीटरची होते आणि आमच्या टार्गेटवर एका रिंगपासून दुसरीचं अंतर ८ मिमी. म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढं पिस्तूल वळलं की जवळजवळ एक गुण गेला. नवे नेमबाज थरथरीला घाबरतात आणि वळण्याकडे बघत नाहीत. घाबरायचं उलट्या क्रमानं.

तर मी चाचणी लावली. चार दिवस, रोज वीस-वीस गोळ्यांच्या चार फेऱ्या. क्रम जुनं, नवं, नवं, जुनं. एकाच पिस्तुलाला कायम ताजा हात आणि दुसऱ्याला थकलेला हात मिळू नये म्हणून. आमच्याकडे अजून कागदी टार्गेट आणि पुली आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट नाही म्हणून पोरं नाक मुरडतात, पण या कामाला कागद फार उपयोगी पडला. भोकं बघायची दुर्बीण काढून घेतली, कागद मी बदलायचो, गुण तिला सांगायचे नाहीत. कारण एव्हाना तिच्या मनात नव्या पिस्तुलाची भीती बसली होती आणि भीतीनं पडलेले गुण मला त्या हिशेबात नको होते. एका दिवसाच्या सामन्यावर मी विश्वास ठेवत नाही. या मुलीचे गुण चांगल्या-वाईट दिवशी सहा-सात इकडे-तिकडे होतातच. पोरं एका सामन्यात पाच गुण वाढले की नवीन बूट शुभ ठरवतात.

चार दिवसांचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून पाहिले. जुन्या पिस्तुलाच्या भोकांचा घोळका गोल होता, मधोमध. नव्याचा लांबुळका, डावीकडे खाली ओघळलेला. थरथर गोल घोळका करते. लांबुळका घोळका कुणीतरी दर वेळी एकाच बाजूला ढकलतंय म्हणून होतो.

कोण ढकलतंय, हे तिनं आधीच सांगितलं होतं, मीच नीट ऐकलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच ती म्हणाली होती, "मना हातमा ते फिरस, सर." मी म्हटलं होतं, सवय होईल.

मग हात मोजला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. नव्या पिस्तुलाची ग्रिप मध्यम मापाची होती, तिला लहान हवी होती. ग्रिप जाड असल्यामुळे तिची तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचायची, पण फक्त शेंड्यानं. पेराच्या मधल्या गादीनं ट्रिगर सरळ मागे येतो. उजव्या हाताच्या नेमबाजानं शेंड्यानं ओढला तर तो मागे येता येता डावीकडे ढकलला जातो. बोट पुरावं म्हणून ती नकळत पंजाच उजवीकडे फिरवून धरायची, मग पिस्तूल हाडाच्या रेषेत न राहता अंगठ्याच्या मुळावर टेकायचं. ट्रिगर सुटला की ते तिथून फिरायचं. "फिरस" हा शब्द अगदी नेमका होता.

दुसरी खूण डोळे मिटून मिळाली. डोळे मिटायचे, पिस्तूल नेहमीसारखं उचलायचं, हात स्थिर झाला की डोळे उघडायचे. जुन्या पिस्तुलावर दहापैकी आठ-नऊ वेळा पुढची साइट खाचेत आयती बसलेली असे. नव्यावर ती दर वेळी खाचेच्या वर आणि थोडी उजवीकडे. म्हणजे प्रत्येक गोळीला ती मनगट मोडून साइट खाली आणत होती आणि ते मनगट सात-आठ सेकंद तसंच दाबून धरत होती. साठ गोळ्या, वर सरावाच्या गोळ्या वेगळ्या. स्नायूनं धरून ठेवलेली रेषा ट्रिगरच्या क्षणी सुटतेच. जुन्या ग्रिपवरच्या पुटीच्या थरांनी तिच्या हाताला दोन वर्षांत जो कोन शिकवला होता, तो इथे नव्हता.

तिसरी गोष्ट तोलाची. तिच्या दोन पिस्तुलांत वजनाचा फरक ६० ग्रॅम. कुणीही म्हणेल, ६० ग्रॅमनं काय होतंय, एका अंड्याएवढं. पण ते सगळं नळीच्या पुढच्या वजनांत होतं, मनगटापासून साधारण २५ सेंमीवर. पिस्तुलाचा बाकी तोल मनगटापुढे आठेक सेंमीवर धरला, तर वजन सहा टक्के वाढलं आणि मनगटावरचा भार जवळजवळ वीस टक्के. पुढे जड पिस्तूल सावकाश हलतं, साइट शांत दिसते, म्हणून दुकानात हातात घेतल्यावर ते फार छान वाटतं. पहिल्या तीस गोळ्यांत तिला नवंच जास्त स्थिर वाटायचंही. तिचे गुण पडायचे ते दहा-दहा गोळ्यांच्या सहा मालिकांपैकी पाचव्या आणि सहाव्या मालिकेत.

ट्रिगरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे मलाही धडा मिळाला. एअर पिस्तूलला नियमानं किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो. स्पर्धेआधी ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल उचलतात, घोडा पडला तर बाद. दोन्ही पिस्तुलं आम्ही तशी तपासली, दोन्ही ५००च्या जरा वर. म्हणून मी तो मुद्दा वहीत खोडून टाकला होता. चूक. एकूण वजन सारखं असलं तरी वाटप सारखं नसतं. या पिस्तुलांचा ट्रिगर दोन टप्प्यांत येतो. पहिला मऊ टप्पा ओढून बोट भिंतीला टेकतं, मग दुसऱ्या टप्प्यात गोळी सुटते. जुन्या पिस्तुलात बहुतेक वजन पहिल्याच टप्प्यात होतं, भिंतीपलीकडे थोडंसंच उरायचं. नव्यात दोन्ही टप्पे निम्मे-निम्मे लावलेले. म्हणजे साइट जुळल्यावर, नेमक्या नाजूक क्षणी, तिला आधीच्या कितीतरी पट जोर नव्यानं लावावा लागत होता, तोही बोटाच्या शेंड्यानं. स्क्रू दोन वळसे फिरवायचा प्रश्न होता आणि सहा आठवडे तो कुणी फिरवला नव्हता. त्या कुणीमध्ये मी आलोच.

आमच्याकडे सकाळी एक पोलीस हवालदार पाय मोकळे करायला येतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, आमच्या फायरिंगला काही जण पिस्तुलावर वाया जातात आणि रिव्हॉल्व्हरवर बरे मारतात, साहेब म्हणतात नशीब. नशीब नाही ते. आमच्या एअर पिस्तूलचं वजन किलोभर आणि ट्रिगर अर्धा किलो. ग्लॉक १७ हे काडतुसाचं पिस्तूल घ्या. मॅगझीनशिवाय सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅम आणि ट्रिगर साधारण अडीच किलोचा, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या जवळपास चौपट. हातात धरलेली वस्तू न हलवता तिच्या चौपट जोरानं तिचाच एक भाग ओढायचा. त्यात गोळ्यांच्या दुहेरी रांगेच्या मॅगझीनमुळे मूठ जाड, लहान हाताचं बोट पुन्हा शेंड्यावर. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे ओढून ठेवला की ट्रिगर हलका आणि आखूड होतो, मूठही बारीक. न ओढता नुसता ट्रिगर दाबला तर तो आणखी जड असतो आणि मग तोच हवालदार रिव्हॉल्व्हरवरही वाया जातो. वर आवाज आणि धक्का. एकदा धक्का खाल्लेला माणूस पुढच्या गोळीआधीच हात खाली दाबतो. एअर पिस्तूलमध्ये धक्का नावालाच असतो, म्हणून इथे जे दिसतं ते बव्हंशी बोटाचं आणि ग्रिपचं असतं.

उपाय करताना एक पथ्य पाळलं. आठवड्याला एकच बदल. सगळं एकदम बदललं असतं तर कशानं काय झालं ते कळलं नसतं. पहिल्या आठवड्यात ट्रिगर. वाटप जुन्यासारखं केलं, एकूण ५००च्या वर ठेवून, आणि ट्रिगरचं पातं त्याच्या पट्टीवर मागे सरकवून तिच्या बोटाच्या गादीखाली आणलं. कागदावरचा घोळका लगेच उजवीकडे सरकला, पण लांबुळकाच राहिला.

दुसऱ्या आठवड्यात ग्रिप. पारोळा रोडवरच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी अक्रोडाचं लाकूड हातात फिरवलं, नखानं टोकरलं आणि पाहतच राहिले. "इतलं भारी लाकूड, नि त्याले कानस लावू?" आबाही सोबत होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. दोन लाखांची वस्तू, हप्ते नुकते फिटलेले आणि हा माणूस ती कानशीनं घासायला सांगतोय. मी मुलीच्या तळहाताला खडू लावला, ग्रिप धरायला सांगितली, जिथे खडू दाट लागला तिथे घासायचं आणि जिथे अजिबात लागला नाही तिथे पुटी भरायची. दोन तास असं चाललं. अंगठ्याच्या मुळाशी जवळजवळ तीन मिलिमीटर लाकूड निघालं, तळव्याच्या पोकळीत पुटी गेली. नंतर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत घालून पाहिलं, कारण पुटीच्या हौसेत पन्नासची जाडी ओलांडली की स्पर्धेच्या तपासणीत परत पाठवतात.

इथे एक चूक झाली. हाताखालची फळी, जिच्यावर तळवा टेकतो, ती मी जास्त वर आवळली. ग्रिप घट्ट बसली की हलणार नाही, असं साधं गणित. चार दिवसांत गुण पुन्हा पडले आणि साइट बारीक, जलद थरथरायला लागली. हात आवळला गेला की नाडीचा ठोकाही साइटवर दिसतो. फळी इतकी सैल केली की कागदाचा कपटा सरकेल, थरथर गेली.

तिसऱ्या आठवड्यात पुढची वजनं काढली. पाचवी-सहावी मालिका सावरली. चौथ्या आठवड्यात मागच्या साइटची खाच रुंद केली. आमच्या शेडमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात अरुंद खाचेत पुढच्या पट्टीच्या बाजूचा उजेड दिसेनासा व्हायचा आणि डोळा ताणून ताणून थकायचा. यानं गुणांत फारसा फरक पडला नाही, पण तिचं डोकं दुखायचं थांबलं. मेमध्ये धुळ्याचं तापमान ४३-४४च्या पुढे गेलं की घामानं पुटी लावलेला भाग गुळगुळीत होतो, तिथे मिस्त्रींनी पटाशीच्या टोकानं खवले काढून दिले.

सहा आठवड्यांनी पुन्हा पाच सामने. सरासरी ५५६. हे सगळं ग्रिप-ट्रिगरचं श्रेय असं मी म्हणणार नाही. त्या काळात तिनं घरी रोज अर्धा तास भिंतीसमोर रिकामं पिस्तूल चालवण्याचा सराव केला. शिवाय मन. स्वतःच्या पिस्तुलावर विश्वास नसलेला नेमबाज ट्रिगर ओढायला उशीर करतो आणि उशिराची गोळी बहुतेक वाईट जाते. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि ती अंतिम फेरीत पोचली नाही. तीच मुलगी २०२४मध्ये पॅरिसला १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य जिंकली. आमच्या मुली तो प्रसंग फार बोलतात. पॅरिसनंतर मुलांनी मात्र तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचसारखं साध्या चष्म्यावर, खिशात हात घालून उभं राहायला सुरुवात केली. हात खिशात सगळेच घालतात रे बाबांनो, मोकळा हात लोंबकळू नये म्हणून.

माझ्या मनात एक शंका उरली होती. कदाचित जुनं पिस्तूलच मुळात सोपं असेल आणि कुणालाही त्याच्यावर बरे गुण मिळत असतील. ती तपासायची संधी आपोआप आली. साक्रीहून एक उंच मुलगा नव्यानं येऊ लागला, पंजा माझ्यापेक्षा मोठा. त्याला मी ते जुनं पिस्तूल दिलं आणि मुलीचे जुने कागद दाखवून सांगितलं की याच्यावर साडेपाचशे निघतात. तो पंधरा दिवस झगडला. त्याची तर्जनी ट्रिगरच्या पार पलीकडे दुसऱ्या पेरापर्यंत जायची, घोळका उजवीकडे ओघळलेला, मुलीच्या बरोबर उलटा. सोळाव्या दिवशी त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं. "सर, हाई पिस्तूलच खराब शे." कोपऱ्यातून ती मुलगी तावातावानं उठली आणि त्याला म्हणाली, "खराब? दोन साल मी त्यावरच मारेल शे." त्याला क्लबचं मोठ्या ग्रिपचं दुसरं पिस्तूल दिलं, तेव्हा भांडण मिटलं.

आता तिला २५ मीटरला .२२ स्पोर्ट पिस्तूल मारायचंय. तिथे ट्रिगर १००० ग्रॅमचा, धक्का खराखुरा, पाच गोळ्यांत हात पुन्हा पुन्हा खाली जाऊन वर यायचा. परवान्याचे कागद वेगळे. आबांनी एवढंच विचारलं की ते पिस्तूल घ्यायच्या आधी पोरीच्या हातात देऊन बघता येईल का. पुण्याला एका क्लबमध्ये चार वेगवेगळ्या ग्रिपची पिस्तुलं हाताळायची सोय होतेय, पुढच्या रविवारी जातोय. सोबत खडूचा डबा घेतलाय. मिस्त्रींनीही निरोप पाठवलाय, कानस धार लावून ठेवली आहे म्हणून.